एसएमडी सिलिकॉन फोटोडायोड पहिल्यांदा वापरताय? डेटाशीट वाचण्यापासून बोर्डवर चालू करेपर्यंत

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या छोट्या युनिटमध्ये काम करणारी पोरं, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टवाले आणि आता दिंडोरी-पिंपळगावकडचे बागेत सेन्सर लावायला निघालेले शेतकरी, सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच येतो, की प्रकाश मोजायचाय तर कोणता फोटोडायोड (प्रकाश पडला की त्या प्रमाणात करंट देणारा छोटा पार्ट; एसएमडी म्हणजे बोर्डला भोक न पाडता वरच सोल्डर होणारा) घेऊ. याला एका शब्दात उत्तर नाही, कारण आधी हे सांगावं लागतं की प्रकाश कोणता. हाच एक मुद्दा डोक्यात पक्का बसला ना की डेटाशीटमधले (कंपनीच्या माहितीपत्रकातले) निम्मे आकडे आपोआप कळायला लागतात, म्हणून सगळं त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: तुमचा प्रकाश कुठला आहे ते लिहून काढा

सिलिकॉनला साधारण ४०० ते ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो (ही प्रकाशाच्या लहरीची लांबी, रंग तिच्यावरून ठरतो). ११०० च्या पुढे तो आंधळा होतो, कारण त्या प्रकाशाच्या कणात सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सोडवण्याएवढी ऊर्जाच नसते (त्याला १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात). आपल्या डोळ्याला दिसतं साधारण ४०० ते ७०० आणि सगळ्यात जास्त ५५५ च्या आसपास, म्हणजे हिरवट पिवळा. सिलिकॉनचा जोर मात्र ९०० ते ९५० ला असतो, म्हणजे डोळ्याला अजिबात न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये. म्हणजे डोळ्याला उजेड वाटतो तो आणि डायोडला उजेड वाटतो तो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा फटका कुठे बसतो बघा. बीपीडब्ल्यू ३४ हा सगळ्यात जुना आणि ओळखीचा डायोड, त्याच्या काही डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं की १००० लक्सला (लक्स म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड मोजायचं एकक) ७०-८० मायक्रोअँपिअर करंट मिळतो. नवीन माणूस हिशोब करतो की आपल्या खोलीत ३०० लक्स, म्हणजे वीसेक मायक्रोअँपिअर मिळेल. आणि एलईडी ट्यूबखाली मोजतो तर दोन-तीनच येतात, मग डायोड खराब म्हणून फेकून देतो. डायोड चांगलाच असतो. तो ८० चा आकडा जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशाला आहे, त्याला डेटाशीटमध्ये स्टँडर्ड इल्युमिनंट ए म्हणतात, रंग तापमान २८५६ केल्विन. त्या बल्बमधून दिसणाऱ्या उजेडापेक्षा इन्फ्रारेड कितीतरी जास्त निघतं आणि डायोड ते मोजतो. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच, त्यामुळे तेवढ्याच लक्सला करंट साधारण दहापट कमी. माझ्या हिशोबाने साडेसात चौरस मिमीच्या डायोडला एलईडीच्या प्रकाशात एका लक्सला ८-९ नॅनोअँपिअर धरून चला.

म्हणून कागदावर लिहा: एलईडी ट्यूब, ऊन, ९४० चा इन्फ्रारेड एलईडी, लाल लेझर, जे असेल ते. मगच डायोड निवडायला बसा.

दुसरी पायरी: डेटाशीट उघडा आणि आकड्याबरोबर त्याची अट वाचा

डेटाशीटच्या प्रत्येक ओळीत मधे एक कॉलम असतो, टेस्ट कंडिशनचा, तो लोक सोडून देतात. माझं म्हणणं आहे की आकडा नंतर वाचा, आधी तो कॉलम वाचा.

रिव्हर्स लाइट करंट. बीपीडब्ल्यू ३४ ला हा ५० मायक्रोअँपिअर दिलेला असतो, अट असते एका चौरस सेंमीवर १ मिलीवॅट, ९५० नॅनोमीटर, ५ व्होल्ट उलटे (डायोडचे दोन पाय अॅनोड आणि कॅथोड, त्यातल्या कॅथोडला प्लस दिला की उलटे, यालाच रिव्हर्स बायस म्हणतात). हा आकडा आपण स्वतः पडताळू शकतो. क्षेत्रफळ ७.५ चौरस मिमी म्हणजे ०.०७५ चौरस सेंमी, म्हणजे डायोडवर ०.०७५ मिलीवॅट पडला. या लहरीला सिलिकॉन एका वॅटला साधारण ०.६ ते ०.६५ अँपिअर देतो, गुणाकार करा, ४५ ते ५० मायक्रोअँपिअर येतात. असा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केला की पुढे कुठल्याही डायोडचा अंदाज लावता येतो. लहर बदलली की ते ०.६ पण बदलतं, लाल ६५० ला साधारण ०.४ ते ०.४५, निळ्याला अजून कमी.

क्षेत्रफळ. अंगणात घमेलं ठेवलं तर वाटीपेक्षा जास्त पाऊस जमतो, तसंच इथे, मोठा डायोड जास्त प्रकाश गोळा करतो. पण मोठ्या डायोडची कपॅसिटन्स (चार्ज साठवून धरायची क्षमता) पण मोठी, म्हणजे तो हळू. बीपीडब्ल्यू ३४ ला शून्य व्होल्टला ७० पिकोफॅरड, ३ व्होल्ट उलटे दिले की २५ च्या आसपास. उलटा व्होल्टेज दिला की आतला थर रुंद होतो आणि कपॅसिटन्स उतरते, वेग पाहिजे असेल तर रिव्हर्स बायस द्यायचा तो यासाठी.

राइज टाइम, म्हणजे सिग्नल वर चढायला लागणारा वेळ, १०० नॅनोसेकंद लिहिलेला असतो आणि लोक खूश होतात. अट बघा, १० व्होल्ट उलटे आणि लोड फक्त १ किलोओहम. तुम्ही लावणार १०० किलोओहम आणि बायस देणार नाही, मग ७० पिकोफॅरड गुणिले १०० किलोओहम म्हणजे ७ मायक्रोसेकंद, राइज टाइम त्याच्या २.२ पट, म्हणजे १५ मायक्रोसेकंद. टीव्ही रिमोटचा ३८ किलोहर्ट्झचा एक फेरा २६ मायक्रोसेकंदाचा असतो, म्हणजे सिग्नल पार चेपून जाणार. डायोड तोच, सर्किटमुळे दीडशे पट हळू झाला.

डार्क करंट म्हणजे पूर्ण अंधारात वाहणारा करंट, टिपिकल २ नॅनोअँपिअर, जास्तीत जास्त ३०, अट १० व्होल्ट आणि २५ डिग्री. आता आपल्याकडे मे महिन्यात बंद डबा उन्हात ठेवला तर आत ६५ डिग्री सहज होतात. डार्क करंट दर १० डिग्रीला साधारण दुप्पट होतो, म्हणजे ४० डिग्री वाढले तर १६ पट, २ चे ३२ झाले आणि नशीब वाईट असेल तर ३० चे ४८० नॅनोअँपिअर. कमी उजेड मोजणार असाल तर हे सगळं तुमच्या रीडिंगमध्ये मिसळणार. उपाय सोपा आहे, बायस शून्य ठेवा, डार्क करंट जवळजवळ नाहीसा होतो.

अँगल. प्लस मायनस ६५ डिग्री म्हणजे समोरच्यापेक्षा ६५ डिग्री तिरक्या प्रकाशाला निम्मी संवेदना. ऊन, खोलीचा उजेड मोजायला रुंद अँगल चांगला. बीम पकडायचा असेल तर रुंद अँगल त्रासच देतो, आजूबाजूचं सगळं आत येतं.

ओपन सर्किट व्होल्टेज ३५० मिलीव्होल्ट वगैरे दिलेला असतो, त्याकडे बघून सर्किट करू नका. हा व्होल्टेज प्रकाशाच्या लॉगने वाढतो आणि प्रत्येक डिग्रीला अडीच मिलीव्होल्टच्या वर घसरतो. करंट मात्र प्रकाशाबरोबर सरळ रेषेत जातो आणि तापमानाने फारसा हलत नाही. नेहमी करंट मोजायचा.

तिसरी पायरी: कुठला घ्यायचा

साध्या कामाला पारदर्शक पॅकेज. विशे कंपनीचा व्हीबीपीडब्ल्यू ३४ एस हा बीपीडब्ल्यू ३४ चाच एसएमडी भाऊ, ६.४ बाय ३.९ मिमी, जाडी १.२, पाय बाहेर आलेले असतात त्यामुळे हाताने सोल्डर करायला सोपा. शिकायला हाच घ्या. ज्यांचे पॅड पोटाखाली असतात ते छोटे पॅकेज सुरुवातीला नको.

इन्फ्रारेड एलईडीबरोबर वापरायचा असेल, म्हणजे कन्व्हेअरवर वस्तू मोजणं, रिमोट, अडथळा ओळखणं, तर काळ्या रंगाचा डे-लाइट फिल्टरवाला घ्या, जसा व्हीबीपीडब्ल्यू ३४ एफएएस. ते काळं प्लास्टिक साधारण ७८० च्या खालचा सगळा प्रकाश अडवतं, एलईडी ट्यूबचा उजेड त्याला दिसतच नाही. ऊन मात्र दिसतं, उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, हे विसरू नका.

माणसाच्या डोळ्याला वाटतो तसा उजेड मोजायचा असेल तर डोळ्यासारखा फिल्टर आतच असलेले डायोड मिळतात, एसएफएच २४३० त्यातला. पारदर्शक डायोड लावून लक्स मीटर बनवायला जाऊ नका, एलईडीखाली जमवलेला आकडा खिडकीपाशी पूर्ण चुकतो.

दुकानात विचारताना जपून. गल्ल्यावर 'फोटोडायोड' म्हणून काळा ५ मिमीचा एलईडीसारखा दिसणारा पार्ट देतात, तो कधी फोटोडायोड असतो, कधी फोटोट्रान्झिस्टर. फोटोट्रान्झिस्टर करंट जास्त देतो पण हळू असतो आणि सरळ रेषेत जात नाही. पार्ट नंबर छापलेली पट्टी मागा. गावात नाही मिळालं तर मुंबईला लॅमिंग्टन रोडला कोणी जाणारं असेल त्याला सांगा किंवा ऑनलाइन कट टेप (रीलमधून कापलेला तुकडा) मागवा, दहा-वीस नग घ्या, एक-दोन घेऊन शिकता येत नाही.

चौथी पायरी: बोर्डवर लावण्याआधी मल्टिमीटरने ओळख

ही पायरी पाच मिनिटांची आहे आणि पुढचे दोन दिवस वाचवते. मीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवा, डायोड उजेडात धरा, दोन्ही पायांना प्रोब लावा. फोटोडायोड हा छोटा सोलर सेलच आहे, त्यामुळे २०० ते ४०० मिलीव्होल्ट दिसतील, आणि प्लस आकडा आला तेव्हा लाल प्रोब ज्या पायाला आहे तो अॅनोड, दुसरा कॅथोड. पॅकेजवरची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी असते, त्यापेक्षा हे खात्रीचं.

मग मीटर मायक्रोअँपिअरवर घ्या आणि तसंच थेट जोडा. हा शॉर्ट सर्किट करंट. ट्यूबखाली बघा, बोट ठेवून बघा, खिडकीपाशी बघा, टॉर्चने बघा आणि सगळे आकडे वहीत लिहा. उन्हात नेण्याआधी रेंज मिलीअँपिअरला करा, भर दुपारच्या उन्हात याच डायोडमधून अडीच-तीन मिलीअँपिअर निघतात. एलईडीखाली ३ मायक्रोअँपिअर आणि उन्हात ३ मिलीअँपिअर, हजार पटीचा फरक आहे, आणि एकाच रेझिस्टरवर दोन्ही नीट मोजता येत नाहीत, हे इथेच लक्षात येतं.

पाचवी पायरी: सोल्डरिंग, आणि आपल्याकडचा पावसाळा

पारदर्शक पॅकेजचं प्लास्टिक काळ्या आयसीच्या प्लास्टिकपेक्षा नाजूक असतं. ते हवेतला दमटपणा ओढतं आणि मग रिफ्लोच्या (बोर्ड तापवून सगळे पार्ट एकदम सोल्डर करायच्या) भट्टीत २६० डिग्रीला आतलं पाणी वाफ होऊन पॅकेज तडकतं किंवा आतली वायर सुटते. म्हणून रील बंद पिशवीत येतं आणि पिशवीवर एमएसएल (पार्ट दमटपणा किती सोसतो ती) लेव्हल छापलेली असते, लेव्हल ३ म्हणजे पिशवी फोडल्यावर १६८ तास, लेव्हल ४ म्हणजे ७२ तास, तेही ३० डिग्री आणि ६० टक्के दमटपणाला. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा ६० टक्क्यांच्या बरीच वर असते, इगतपुरीकडे तर विचारूच नका, त्यामुळे पिशवी फोडून टेबलावर ठेवू नका, सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. ठेवलीच गेली असेल आणि रिफ्लो करायचा असेल तर विशेच्या डेटाशीटप्रमाणे ४० डिग्रीला १९२ तास किंवा ६० डिग्रीला ९६ तास कोरड्या ओव्हनमध्ये वाळवा. घाई करून १०० डिग्रीला टाकलं तर टेपच वितळेल.

हाताने लावताना सोल्डरिंग आयर्न ३०० डिग्रीच्या आसपास, एका पॅडला तीन सेकंद, मग थांबा, गार होऊ द्या, मग दुसरा पॅड. हॉट एअर थेट काचेसारख्या तोंडावर मारू नका. फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनर किंवा अॅसिटोन नको, प्लास्टिक पांढुरकं पडतं. आणि पुसायचंच, कारण फ्लक्सचा राहिलेला थर पावसाळ्यात दमट झाला की नॅनोअँपिअरमध्ये गळती करतो आणि तुम्हाला वाटतं डार्क करंट वाढलाय.

सहावी पायरी: सर्किट

सुरुवात साध्याने करा. कॅथोड ५ व्होल्टला, अॅनोड कंट्रोलरच्या अॅनलॉग पिनला, तिथून रेझिस्टर ग्राउंडला. हे झालं रिव्हर्स बायस. खोलीसाठी १०० किलोओहम लावलं तर ३ मायक्रोअँपिअरला ०.३ व्होल्ट येतात. आर्डुइनो उनोची एक पायरी साधारण ५ मिलीव्होल्टची, म्हणजे साठेक पायऱ्या मिळाल्या, उजेड-अंधार ओळखायला पुष्कळ झाल्या.

नीट मोजायचं असेल तर ऑपअँप (सिग्नल मोठा करणारी आयसी) लागतो, ट्रान्सइम्पिडन्स सर्किट. नाव मोठं आहे, काम साधं आहे: डायोडचा करंट एका रेझिस्टरमधून जाऊ द्यायचा पण डायोडवर व्होल्टेज चढू द्यायचा नाही. अॅनोड ग्राउंडला, ऑपअँपचा प्लस इनपुट ग्राउंडला, कॅथोड मायनस इनपुटला, आणि मायनस इनपुटपासून आउटपुटपर्यंत फीडबॅक रेझिस्टर. आउटपुट म्हणजे करंट गुणिले रेझिस्टर. ३ मायक्रोअँपिअर आणि १ मेगाओहम, ३ व्होल्ट. उन्हासाठी तोच रेझिस्टर १ किलोओहम करा, ३ मिलीअँपिअरला पुन्हा ३ व्होल्ट.

ऑपअँप कुठला? घरात एलएम ३५८ पडलेला असतो आणि लोक तोच लावतात. त्याचा स्वतःचा इनपुट करंट वीस-चाळीस नॅनोअँपिअर असतो. एलईडीच्या एका लक्सला आपला डायोड देतो ८-९ नॅनोअँपिअर, म्हणजे मोजायच्या वस्तूपेक्षा मोजणाराच जड. एमसीपी ६००१ घ्या, त्याचा इनपुट करंट १ पिकोअँपिअरच्या आसपास, १.८ ते ६ व्होल्टवर चालतो, स्वस्त आहे. आउटपुट अगदी शून्याला टेकत नाही, काही मिलीव्होल्ट वर राहतो, त्यामुळे अगदी तळाच्या रीडिंगवर विसंबू नका.

फीडबॅक रेझिस्टरच्या डोक्यावर एक छोटा कपॅसिटर हवाच. तो नसला तर डायोडच्या ७० पिकोफॅरडमुळे ऑपअँप स्वतःच डोलायला लागतो, आणि रीडिंग उगाच नाचतं. १ मेगाओहमला १० पिकोफॅरड लावा, बँडविड्थ १६ किलोहर्ट्झ मिळते. उजेड हळू बदलणारा असेल तर सरळ १०० नॅनोफॅरड लावा, टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद होतो आणि आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनवर दिवे जे १०० हर्ट्झने लुकलुकतात ते बरंचसं गुळगुळीत होतं.

डायोड ते मायनस इनपुट हा ट्रॅक जितका छोटा करता येईल तितका छोटा. १ मेगाओहमच्या टोकावरचा तो ट्रॅक अँटेना आहे, हात जवळ नेला तरी रीडिंग हलतं. ब्रेडबोर्डवर याची परीक्षा घेऊ नका.

सातवी पायरी: वापर

इन्फ्रारेड एलईडीने वस्तू मोजायची असेल, म्हणजे अंबडच्या लाइनवर कन्व्हेअरवरून जाणारे पार्ट, तर एलईडी सतत चालू ठेवू नका. एलईडी चालू करून एक रीडिंग, लगेच बंद करून दुसरं, आणि वजाबाकी. दोन रीडिंग एका मिलीसेकंदाच्या आत घ्या म्हणजे मधल्या वेळात दिव्याचा उजेड फारसा बदलत नाही. शटर उघडलं आणि ऊन आत आलं तरी काउंटर चुकत नाही, फक्त उन्हाने ऑपअँप वरच्या टोकाला चिकटणार नाही एवढा रेझिस्टर लहान ठेवा. नोटा मोजायच्या मशीनमध्ये, स्मोक डिटेक्टरमध्ये अशाच एलईडी-डिटेक्टरच्या जोड्या असतात. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरमध्ये ६६० चा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड असे दोन एलईडी आळीपाळीने लागतात आणि समोर एकच फोटोडायोड दोन्ही मोजतो.

आता द्राक्षाचं, कारण यावर माझा जीव आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि त्या दिवसांत कॅनॉपीच्या (वेलीच्या पानांच्या छताच्या) आत ऊन किती पोचतं याला फार महत्त्व असतं, म्हणून बागायतदार तिथे सेन्सर लावायला बघतात, कल्पना उत्तम आहे. पण पारदर्शक सिलिकॉन डायोड तसाच लावला तर तो फसवतो. पान ४०० ते ७०० मधला बहुतेक प्रकाश स्वतः खातं, त्यातूनच त्याचं अन्न बनतं. ७०० च्या पुढचं इन्फ्रारेड मात्र पानाला नकोच असतं, जवळपास निम्मं आरपार जातं, उरलेलं परत फेकलं जातं. म्हणजे पानाखाली वेलीच्या कामाचा प्रकाश दहा टक्क्यांच्याही खाली गेलेला असतो आणि डायोड इन्फ्रारेड मोजून कितीतरी जास्त दाखवतो. आकडा बघून वाटतं आत भरपूर ऊन आहे, फुटवे काढायची गरज नाही. हा चुकीचा सल्ला ठरतो आणि त्याची किंमत पुढच्या सीझनच्या घडांत मोजावी लागते.

म्हणून डायोडसमोर इन्फ्रारेड कट फिल्टर लावा, जुन्या वेबकॅमच्या लेन्समागे निळसर-गुलाबी चमकणारी छोटी काच असते ती चालते, आणि त्याच्यावर पांढरा दुधी अॅक्रिलिक किंवा टेफ्लॉनची पातळ शीट, म्हणजे तिरकं ऊनही नीट मोजलं जातं आणि तिरक्या प्रकाशाला ती काच वेगळी वागते तो त्रासही कमी होतो. कडेने उजेड शिरू नये म्हणून काळ्या रबराची गास्केट लावा. आणि एकच सेन्सर लावू नका, एक वेलींच्या वर उघड्या उन्हात आणि बाकीचे आत, सगळे सारख्या पार्टचे, सारख्या फिल्टरचे. मग आतला भागिले बाहेरचा एवढंच बघायचं. ढग आले तर दोन्ही एकत्र उतरतात, गुणोत्तर फार हलत नाही, आणि महागड्या मीटरने कॅलिब्रेट न करताही कामाचा आकडा मिळतो. लावण्याआधी सगळे सेन्सर एका फळीवर शेजारी शेजारी ठेवून दुपारी बारा वाजता एकत्र रीडिंग घ्या, जो थोडा कमी-जास्त दाखवेल त्याचा गुणक लिहून ठेवा. दोन डायोडमध्ये थोडा फरक असतोच, आणि फवारणीचे डाग बसले की अजून पडतो, त्यामुळे दर फवारणीनंतर दुधी शीट ओल्या फडक्याने पुसा आणि महिन्यातून एकदा सगळे काढून पुन्हा त्याच फळीवर तपासा.